आमच्या गडग्यावरचा दिनू

"आठ जण लागले उतरवायला. आठ! आणि तरी एक कोपरा फणसाला घासलाच. मी म्हटलं एवढा मोठा फ्रीज, म्हणजे बंगल्यातला शेठ हॉटेल काढतोय की काय. तर म्हणे पियानो!"

काकींनी बातमी दिली ती अशी. सकाळचे साडेनऊ झालेले, परातीत मोड आलेले वाल आणि परात गडग्यावर. आमच्या नि काकींच्या वाडीमधला हा गडगा पूर्वी छातीएवढा होता. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात दोन पोफळी आणि एक माड त्याच्यावर आडवे झाले, तेव्हापासून मधला भाग जेमतेम कमरेइतका उरलाय. तो पुन्हा रचायचा विषय दोन्ही घरांनी कधी काढला नाही. नागावात आता वाड्या जाऊन बंगले आलेत, बंगल्यांना डोक्यावरून जाणाऱ्या भिंती आल्यात. त्या भिंतींवरून कोण कुणाला विचारणार, आज भाजी काय केलीस म्हणून?

"आणला कुठून?" मी विचारलं.

"मुंबईहून. भाऊच्या धक्क्याला टेम्पो रो-रोत चढवला, मांडव्याला उतरवला, की आला दारात. ती बोट सुरू झाल्यापासून काय काय येतं म्हणून सांगू! मागं एकाचा दगडी हत्ती आला होता."

"शेठला येतो वाजवता?"

"मुलीला येतो. ती वर्षातनं चार दिवस येणार. उरलेले दिवस त्याच्यावर गोधड्या वाळत घाला म्हणावं."

एवढ्यात पाव घेऊन परतणारे बुवा सायकलवरून उतरले. आमच्या भजनी मंडळाचे बुवा. पेटी त्यांची, गळा त्यांचा, आणि मंडळाच्या हिशेबाची वहीसुद्धा त्यांचीच. काकींनी त्यांना सगळी बातमी पहिल्यापासून सांगितली, आठ माणसांची या खेपेला दहा झाली.

"दोन पावसाळे," बुवा म्हणाले. "तिसऱ्या पावसाळ्यात तो पियानो नाही राहणार, कपाट होईल. माझ्या पेटीला एक तार नाही, तरी आषाढात पट्ट्या फुगतात. दाबली की खालीच बसते, वर यायचं नाव नाही. नखानं उचलून वर काढेस्तोवर मंडळी पुढच्या कडव्यावर गेलेली असतात. आतल्या पितळी सुरांना खाऱ्या हवेनं हिरवं धरतं ते वेगळंच. मग तारांचं काय होत असेल?"

मी सांगितलं, पियानोत तारा सव्वादोनशेच्या आसपास असतात, आणि सगळ्या मिळून अठरा-वीस टनांचा ताण ओढून धरतात. म्हणून आत ओतीव लोखंडाची चौकट असते, वजन होतं ते तिचंच. दमट हवेनं लाकूड फुगलं की सूर चढतो, कोरडं पडलं की उतरतो. मुंबईत नि गोव्यात जुनी माणसं पियानोच्या पोटात एक बल्ब पेटता ठेवतात, ओल धरू नये म्हणून.

"दिवसरात्र?" काकी म्हणाल्या. "आणि लाईट गेली की? इथं तर मिरग लागला की जाते, ती गणपतीत उगवते."

बुवांना वेगळाच प्रश्न होता. "तुला रे एवढं कसं माहीत? तुझ्या घरात तर मी टाळसुद्धा पाहिला नाही."

मी मुंबईत फोर्टात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट त्यांना सांगितली. काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस हे तबकड्यांचं दुकान होतं, २०१६ साली बंद झालं. जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवला की तिथं जाऊन उभं राहायचं. विकत घेण्याची ऐपत नव्हती, पण ऐकायला मिळायचं. तिथं एका पारशी म्हाताऱ्यानं मला सांगितलं, पियानो ऐकायचा तर याच्यापासून सुरुवात कर, बाकीचे नंतर. त्याचं नाव दिनू लिपात्ती.

"दिनू?" काकींचे हात थांबले. "आपल्यातलाच कुणी?"

"नाही हो. रोमानियाचा. कागदोपत्री कॉन्स्टंटिन, घरात दिनू. पण जगानं घरचंच नाव उचललं."

"मग दिनूच म्हणू आपण," काकींनी परवानगी दिली. "सांग. हे वाल बरेच आहेत."

---

जन्म १९१७चा, बुखारेस्टला. घर पैशापाण्याचं. वडील व्हायोलिन शिकलेले, तेही साध्यासुध्या माणसाकडे नाही, सारासातेकडे. आई पियानो वाजवणारी. आणि धर्मपिता कोण, तर जॉर्ज एनेस्कू. रोमानियात एनेस्कूचं नाव घेताना लोक कानाच्या पाळीला हात लावत नसतील, पण मनातून भाव तोच. व्हायोलिन, पियानो, रचना, वाद्यवृंद चालवणं, सगळ्यात तो एक नंबर.

"धर्मपिता म्हणजे कोर्लईच्या चर्चमध्ये बाळाला धरून उभे राहतात ते ना?"

"तेच. फक्त हे बाळ चार वर्षांचं होतं. बाप्तिस्मा लांबवला होता, आणि तेव्हा दिनूनं स्वतःच मोत्सार्टचं एक मिन्युएट वाजवून दाखवलं, असं सांगतात."

"स्वतःच्या बारशाला स्वतःच पेटीवर!" बुवा खूष झाले. काकी नाही झाल्या. "चार वर्षं पोराला बारशाविना ठेवलं, आणि त्या आईला कुणी बोललं नाही?"

तब्येत लहानपणापासून नाजूक. शाळेत फार घातलंच नाही, घरी मास्तर. पण संगीताच्या शाळेत वयाआधी घेतलं. तिथं बाई भेटल्या त्या फ्लोरिका मुझिचेस्कू. महाकडक. या बाईंची मला मोठी गंमत वाटते. पोराला बोटं चालवायला सगळेच शिकवतात, या बाई थांबायला शिकवत. दिनूची सवय शेवटपर्यंत तीच राहिली. एखादी गोष्ट तयार नसेल तर लोकांपुढे आणायचीच नाही. पुढे मोठं नाव झाल्यावर तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या माणसानं बेथोवेनचा पाचवा कॉन्चेर्तो मागितला, तर यानं तयारीला चार वर्षं मागितली म्हणतात.

"चार वर्षं!" बुवांनी पावाची पिशवी हँडलला अडकवली. म्हणजे ते आता जाणार नव्हते. "आमच्याकडे आजच्या पोरांना गुरुवारी अभंग दिला की शनिवारी माईक हवा."

१९३३ साली दिनू व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. वय सोळा. दुसरा आला. पहिला आला बोलेस्वाफ कोन नावाचा पोलिश तरुण. परीक्षकांमध्ये फ्रान्सचा आल्फ्रेड कोर्तो होता, त्या काळातला भलताच मोठा पियानिस्ट. त्याला हा निकाल इतका खटकला की त्यानं परीक्षकपदच सोडलं, आणि पोराला पॅरिसला आपल्याकडे शिकायला बोलावलं.

इथं बुवांना राहवेना. कुठल्याशा भजन स्पर्धेत त्यांच्या मंडळाला तिसरं ठेवलं होतं, आणि पहिल्या मंडळाचा पखवाजवाला परीक्षकाचा साडू निघाला होता, ही कथा आम्ही पूर्वीही ऐकलेली. पण साडू या खेपेला सख्खा मेहुणा झाला होता, त्यामुळे कंटाळा आला नाही.

"पण तुझ्या त्या परीक्षकासारखा उठून गेला नाही कुणी," बुवा म्हणाले. "पाणीदार माणूस."

पाणीदार खरा, पण अर्धाच. हाच कोर्तो पुढे युद्धात जर्मनांपुढे मान तुकवलेल्या फ्रेंच सरकारच्या गोटात बसला, आणि युद्ध संपल्यावर त्याच्या कार्यक्रमांवर काही काळ बंदी आली. तो पहिला आलेला कोन, त्याचं तर नावही आज कुणी घेत नाही. घेतलंच तर, 'दिनूच्या वर ज्याला ठेवला तो' एवढ्यापुरतं. तोही १९३६ साली तरुणपणीच वारला. तो कसा वाजवत असेल, असं मला सारखं वाटतं. सगळे गुण देणारे काही साडू नसतील.

पॅरिसला दिनूला गुरू भेटले ते एकाहून एक. कोर्तो तर होताच, रचनेला पॉल द्युका, मग नादिया बूलांजे. ही बूलांजे म्हणजे अर्ध्या जगाच्या संगीतकारांची मास्तरीण. तिच्यासोबत त्यानं ब्राम्सचे वॉल्ट्झ एका पियानोवर चार हातांनी वाजवलेत, त्याची तबकडी आहे. १९३५च्या मे महिन्यात द्युका गेला. त्याच दिवसांत दिनूचा पॅरिसमधला पहिला मोठा कार्यक्रम होता. त्याची सुरुवात त्यानं गुरूच्या आठवणीसाठी बाखच्या एका भजनानं केली. भजनच म्हणायचं. चर्चमध्ये गातात ते, मायरा हेस नावाच्या इंग्रज बाईनं पियानोसाठी बसवलेलं.

"हे लक्षात ठेवा," मी म्हटलं, "पुढे लागणार आहे."

"तू कीर्तनकारासारखा खुंट्या मारून ठेवू नकोस," काकी म्हणाल्या. "लग्न झालं का त्याचं, ते सांग."

---

लग्नाचं प्रकरण काकींच्या अपेक्षेइतकं चटकदार आहे. मुलगी मादलेन कांताकुझिनो. स्वतः पियानो वाजवणारी, मोठ्या घराण्यातली, आणि आधीच लग्न झालेली.

"अगो बाई."

युद्धाची वर्षं दिनू बुखारेस्टातच होता. त्या काळात जर्मनीच्या अंकित मुलखांत त्याचे कार्यक्रम झाले. त्याच्यावर डोळे पुसत लिहिणारे लेखक या ओळीवरून टुणकन उडी मारून पुढे जातात, म्हणून मी ती मुद्दाम सांगतो. तेव्हा रोमानिया जर्मनीच्याच बाजूनं लढत होता. या वर्षांत दोन गोष्टी चांगल्या झाल्या. १९४३ साली त्यानं धर्मपिता एनेस्कूबरोबर, एनेस्कूचं व्हायोलिन नि याचा पियानो, असं ध्वनिमुद्रण केलं. आणि १९४१ साली एक सोनातिना लिहिली, एकट्या डाव्या हातानं वाजवायची.

"डाव्या?" बुवा उसळलेच. "आमचा जन्म गेला डाव्यानं भाता मारण्यात. आणि हा डाव्यावर अख्खं गाणं लिहितो!"

१९४३च्या सप्टेंबरात दिनू नि मादलेन दौऱ्याच्या निमित्तानं देशाबाहेर पडले, ते जिनिव्हाला पोचले. परत गेले नाहीत. जिनिव्हाच्या संगीतशाळेत त्याला मास्तरकी मिळाली. लग्न त्यांनी पुढे केलं.

"पुढे म्हणजे?"

"पुढे म्हणजे पुढे, काकी. युद्ध संपल्यावर."

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं, की तारीख मीच लपवतोय. मग डाळिंबी अंगठ्यानं चिमटून त्या म्हणाल्या, "बरं. पण टिकली ना शेवटपर्यंत?"

टिकली. आणि नुसती टिकली नाही, निभावलं तिनं. कारण जिनिव्हाला आल्याबरोबर ताप सुरू झाला. येई, जाई, पुन्हा येई. निदान व्हायला १९४७ उजाडलं. हॉजकिन्स. मानेतल्या, काखेतल्या गाठींचा कॅन्सर. आज यातले बहुतेक रोगी औषधानं बरे होतात. तेव्हा क्ष-किरणांचे शेक द्यायचे, रक्त चढवायचं, आणि वाट पाहायची.

आणि नेमका त्याच वर्षांत त्याचा नाव होण्याचा काळ. लंडनच्या कोलंबिया कंपनीचा वॉल्टर लेग म्हणून माणूस होता, कान तयार आणि हट्टी. त्यानं १९४७ साली ग्रीगचा कॉन्चेर्तो नि १९४८ साली शूमानचा कॉन्चेर्तो याच्याकडून करून घेतला. शूमानला वाद्यवृंद चालवायला कारायान. लांबचे दौरे ठरत, रद्द होत. म्हणून दिनूचं ध्वनिमुद्रण एकूणच थोडं. एखाद्या फळीवर वीतभर जागेत मावेल.

१९५० साली कॉर्टिसोन हे नवंकोरं औषध हाती आलं. त्याच वर्षी त्याच्या शोधाला नोबेल मिळालं, तिघांत एक होता बाझेलचा राइशस्टाइन, म्हणजे तिथलाच. औषध भयंकर महाग. चाहत्यांनी, मित्रांनी पैसे उभे केले. आजार हटणार नव्हता, पण काही आठवडे अंगात ताकद आली. लेगनं संधी साधली. माणसं नि यंत्रं घेऊन तो जिनिव्हाला आला, आणि जुलै महिन्यात तिथल्या रेडिओच्या स्टुडिओत दिनूनं शोपँचे चौदा वॉल्ट्झ, बाखची पहिली पार्टिटा, मोत्सार्टचा ए मायनर सोनाटा, असं भराभर वाजवून ठेवलं. मी काळ्या घोड्याला पहिल्यांदा ऐकली ती ही पार्टिटा. आजारी माणूस वाजवतोय असं एका जागी तरी कळावं? नाही कळत. हात स्वच्छ, लय झोपाळ्यासारखी.

"आणि मग?" काकींनी विचारलं. त्यांना मरणाच्या गोष्टीत घाई चालत नाही, पण टाळलेलंही चालत नाही.

मग बेझांसों. फ्रान्समधलं गाव, स्विस हद्दीपासून जवळ. १६ सप्टेंबर १९५०. कार्यक्रम आधीच ठरलेला. औषधाचा जोर ओसरलेला, डॉक्टर नको म्हणत होते. हा गेला. लोकांना कबूल केलंय म्हणाला. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण आहे, रेडिओवाल्यांनी केलेलं. मला त्यातली सगळ्यात आवडती जागा संगीत सुरू होण्याआधीची आहे. टाळ्या थांबतात, आणि पार्टिटा सुरू करण्याआधी हा हळूच त्याच पट्टीतले चार-सहा सूर वरखाली फिरवून घेतो. लिहिलेलं नाही ते कुठं. नुसता हात टाकून बघतो.

"सूर धरून घेतो," बुवा म्हणाले. "आम्ही घेतो तसा. त्यांच्यात पण चालतं?"

"तेव्हा चालायचं. आता फारसं नाही ऐकू येत."

बाख झालं, मोत्सार्ट झालं, शूबर्टचे दोन इम्प्रॉम्प्टू झाले. शेवटी शोपँचे चौदा वॉल्ट्झ, त्यानं स्वतः लावलेल्या क्रमानं. तेरा वाजवले. चौदावा राहिला. अंगात उरलंच नाही. उठून आत गेला. आणि थोड्या वेळानं परत आला, चौदावा वॉल्ट्झ वाजवायला नव्हे, तर ते बाखचं भजन वाजवायला. पॅरिसच्या पहिल्या कार्यक्रमात ज्यानं सुरुवात केली होती, तेच.

"म्हणजे भैरवी घेतली," बुवा म्हणाले.

काकी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पदरानं नाक पुसलं, आणि मग वालाच्या सालाचा उग्र वास नाकात जातो असं स्वतःच सांगून टाकलं.

२ डिसेंबर १९५०ला तो गेला. तेहतीस वर्षांचा.

---

आता हे झालं की सगळे इथंच थांबतात. मी फोर्टात हीच गोष्ट तीन-चार जणांच्या तोंडून ऐकली, आणि प्रत्येक जण भजनापाशी येऊन आवाज खाली करायचा. गोष्ट आहेच तशी बेतशीर. पहिल्या कार्यक्रमाला भजन, शेवटच्या कार्यक्रमाला भजन, वय तेहतीस. पण त्या बेझांसोंच्या तबकडीवर ते भजन नाहीच. चौदा वॉल्ट्झमधले तेरा ऐकू येतात, आणि संपतं. तरी ती तबकडी ऐकून, 'शेवटचं बाख ऐकलं की अंगावर काटा येतो,' म्हणणारा एक जण मला प्रत्यक्ष भेटलाय.

"नसलेलं ऐकलं?" बुवा हसले.

"नसलेलं."

काकींचं यावर मत पडलं, की ऐकलं असेल त्यानं मनात, त्यात तुझं काय गेलं? वाद घालायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात बुवांनी विचारलं, त्या कडक बाईंच्या हाताखालून आणखी कुणी निघालं का? हा प्रश्न बरोबर बुवांचाच. त्यांना शिष्यापेक्षा गुरू महत्त्वाचा.

निघालं. राडू लुपू. गालात्स नावाच्या डॅन्यूबवरच्या बंदरातला, जन्म १९४५. मुझिचेस्कूबाईंकडे शिकला, मग मॉस्कोला गेला. १९६६ला अमेरिकेतली व्हॅन क्लायबर्न स्पर्धा, १९६७ला एनेस्कू स्पर्धा, १९६९ला इंग्लंडातली लीड्स, लागोपाठ तीन जिंकला. आणि आपला झुबिन मेहता, मुंबईचा, त्याच्याबरोबर इस्रायलच्या वाद्यवृंदात यानं बेथोवेनचे पाचही कॉन्चेर्तो ध्वनिमुद्रित केले.

"झुबिनला ओळखते मी," काकी म्हणाल्या. म्हणजे टीव्हीवर.

"याच्या काय भानगडी?" पुढचा प्रश्न ओघानंच आला.

तीच तर पंचाईत. लुपूबद्दल सांगायला भानगड नाही. भली मोठी दाढी. पियानोला गोल नाहीतर लांब स्टूल असतं, हा साधी पाठ असलेली खुर्ची घ्यायचा, आणि मागं टेकून, ओटीवर बसून कुणाची वाट बघावी तसा वाजवायचा. मुलाखती देत नसे. नव्वदीच्या दशकानंतर ध्वनिमुद्रण बंद केलं. कार्यक्रम रेडिओवर लावू देत नसे. २०२२च्या एप्रिलमध्ये लोझानला गेला. संपलं. एवढंच. पण एकदा त्याचा शूबर्ट ऐकलात ना...

"शूबर्ट राहू दे," काकींनी हात उडवला. "या लुपूत काही दम नाही. दुसरं कुणी सांग."

मी क्लारा हास्किल सांगितली. तीही बुखारेस्टची, दिनूची जिवलग मैत्रीण, त्याच्याहून बावीस वर्षांनी मोठी. ज्यू.

"म्हणजे आपल्या शनवार तेल्यांपैकी? अलिबागेत इस्रायल आळीत होते ते?"

त्यांच्यापैकी नव्हे, पण धर्म तोच. पाठीचा कणा वाकडा झाला म्हणून तरुणपणीच बरीच वर्षं प्लास्टरच्या साच्यात काढली तिनं. युद्धात पॅरिसहून मार्सेयला पळाली, तिथं डोळ्याच्या नसेवरची गाठ काढली, मग स्वित्झर्लंड. पन्नाशी उलटल्यावर लोकांनी तिला ओळखलं. म्हातारपणी व्हवेला राहायची, आणि जवळच चार्ली चॅप्लिन. त्याचं तिच्याकडे, तिचं त्याच्याकडे जाणं-येणं.

चॅप्लिन म्हटल्यावर काकी पुन्हा जागच्या झाल्या. "तो काठीवाला? शेजारी?" त्यांना पियानोपेक्षा शेजाराचा हेवा वाटला असावा. हास्किल १९६० साली ब्रुसेल्सच्या रेल्वे स्टेशनच्या जिन्यावरून पडली, आणि दुसऱ्या दिवशी वारली, हे सांगितल्यावर त्यांनी जिन्यांना, ब्रुसेल्सला आणि म्हाताऱ्या बाईला एकटी जाऊ देणाऱ्यांना, तिघांनाही बोल लावले.

---

बुवा मात्र मघापासून एका गोष्टीवर अडून बसले होते. "त्यांच्यात पियानोवाला एकटा बसतो, हजार माणसं फक्त त्याला ऐकायला येतात. आमची पेटी म्हणजे कायम दुसऱ्याच्या मागं. आणि रेडिओनं तर १९४० साली पेटीला बाहेरच काढलं. का, तर साहेब म्हणाला हिच्यात मींड निघत नाही. तीसेक वर्षं! एक्काहत्तर साली दार किलकिलं केलं. तोवर पेटीवाले नाटकात, भजनात, माजघरात."

"गोविंदराव टेंबे होते की," मी म्हटलं. "त्यांची पेटी ऐकायला वेगळी बैठक व्हायची."

"होते. पण लोक त्यांना ओळखतात कशानं? 'मानापमाना'च्या चालींनी. १९११च्या चाली अजून गातात. आणि 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले म्हणून. पेटीवर त्यांची बोटं कशी पडत होती, हे सांगणारे आता कुठं उरलेत?"

यावर मी त्यांना दिनूची ती शेवटची गोष्ट सांगितली, जी मी खरं तर जपून ठेवली होती.

दिनू जाऊन पंधरा वर्षं उलटली. मागणी संपत नव्हती, आणि तबकड्या तर मोजक्याच. साठीच्या दशकात ई.एम.आय. कंपनीच्या हाती एक फीत आली. शोपँचा ई मायनर कॉन्चेर्तो, पियानोवर दिनू लिपात्ती. वाद्यवृंद कोणता, माहीत नाही. चालवणारा कोण, माहीत नाही. कंपनीनं तसंच छापून ती बाजारात आणली. लोकांनी डोक्यावर घेतली. पंधराएक वर्षं ती खपत राहिली, वाखाणली जात राहिली. १९८१ साली बी.बी.सी.नं ती रेडिओवर लावली, आणि ऐकणाऱ्यांतल्या एकाच्या कानाला खटकलं. हे तर आपल्याकडे आहे! त्यानं आपली जुनी तबकडी काढली. चेकोस्लोव्हाकियाच्या सुप्राफोन कंपनीची. लावून बघितली. सुरासूर तेच, श्वासाश्वास तोच. दिनू नव्हेच तो. वाजवणारी होती हालिना चेर्नी-स्तेफान्स्का. पोलंडची. १९४९च्या वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत पहिला नंबर वाटून मिळालेली. जिवंत, धडधाकट, आणि त्या वर्षीही कार्यक्रम करत असलेली.

बुवांनी सायकलची घंटी उगाचच एकदा वाजवली.

"मग दिनूचं खरं?"

"दिनूचं खरं पण सापडलं. १९५०च्या फेब्रुवारीत त्यानं झुरिकला तोच कॉन्चेर्तो वाजवला होता, त्याची फीत निघाली. आवाज खरखरीत, पण तोच आहे. दोन्ही लावून ऐकले तर फरक कळतो. हा जास्त आतल्या आत वाजवतो, ती मोकळी."

"चांगलं कुठलं?"

मला दिनूचंच आवडतं, आणि हे मी नाव वाचल्यावर ठरवलंय की ऐकल्यावर, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. बुवांना म्हटलं, तुम्ही या संध्याकाळी, दोन्ही लावतो. नाव सांगणार नाही.

"मला पण," काकी म्हणाल्या. परात रिकामी झाली होती, सालांचा ढीग केळीच्या पानावर. पण त्यांच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. "त्या बाईचं नाव परत सांग."

"हालिना चेर्नी-स्तेफान्स्का."

"तिनं वाजवायचं आणि लोकांनी त्याच्या नावानं रडायचं. पंधरा वर्षं!" काकींनी परात उचलून कडेवर घेतली. "माझ्या मोठ्या नणंदेच्या लग्नात शंभर पानांचं बिरडं मी केलं होतं. रात्री तीन वाजल्यापासून. वाल सोललेले माझे, वाटण माझं, कोकम कधी टाकायचं ते माझं. पंगतीत वाढायला गेली धाकटी जाऊ, नवी साडी नेसून. आज चाळीस वर्षं झाली, त्या घरचे लोक भेटले की म्हणतात, धाकट्या वहिनींच्या हातचं बिरडं कुठं मिळायचं नाही. आणि तिनं एकदा तरी सांगावं ना, की मी फक्त पळी धरली होती? उलट परवा फोन करून मलाच कृती सांगत होती."

"मग तुम्ही काय म्हणालात?" बुवांनी विचारलं.

"मी म्हटलं, गूळ जास्त सांगतेयस."